सगळे ग्लुटेनमुक्त खाऊनही टीटीजी ४६ वर: सुक्या मेव्याचा आणि प्रथिनांचा एक तपास

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. सीलिएकच्या (गहू, बार्ली, राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होण्याचा आजार) रुग्णांकडून वारंवार होणाऱ्या चुका एकाच व्यक्तीच्या ताटात गोळा करून ते बेतले आहे, त्यामुळे रक्ततपासणीचे आकडे त्या व्यक्तीपुरतेच समजावेत. ग्लुटेनचे हिशेब मात्र कुणालाही आपल्या स्वयंपाकघरात बसून ताडून पाहता येतील.

परिस्थिती

बाई ३४ वर्षांच्या, वजन ५४ किलो. मांस-मासे खात नाहीत, अंडी खातात. चौदा महिन्यांपूर्वी बायोप्सीत लहान आतड्यातले अन्न शोषणारे बोटांसारखे रसांकुर सपाट झालेले दिसले आणि सीलिएकचे निदान पक्के झाले. त्याच दिवसापासून गहू, बार्ली आणि राय बंद. टीटीजी-आयजीए (सीलिएकमध्ये रक्तात वाढणारे प्रतिपिंड) तेव्हा १८० होते, प्रयोगशाळेची मर्यादा १०. सहा महिन्यांत ते ६० वर उतरले, मग रेंगाळत ४६ वर आले आणि तिथेच अडकले. लोहाच्या गोळ्या चालू असूनही शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ९.

त्रासाला नेम नव्हता. आठवडाभर काही नाही, मग एकाएकी दोन दिवस पोट फुगलेले, शौचास पातळ, डोके जड. आपण बाहेर काहीच खात नाही, मग हे येते कुठून, हा त्यांचा प्रश्न होता.

पथ्य सुरू होऊन वर्ष उलटले तरी रुग्ण सावरत नसेल, तर सर्वात आधी नकळत पोटात जाणाऱ्या ग्लुटेनचाच शोध घ्यायचा, कारण तेच सर्वात जास्त वेळा सापडते. आतड्यातली जिवाणूंची अतिवाढ, सूक्ष्म कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज), स्वादुपिंडाची कमतरता, पथ्याला दाद न देणारा सीलिएक ही कारणे आहेतच, पण ती नंतरची. इथे डॉक्टरांनी त्यांतल्या सोप्या तपासण्या करून घेतल्या, काही निघाले नाही, आणि प्रकरण आहारतज्ज्ञांच्या टेबलावर आले.

ताटात काय होते

दूध पचेना म्हणून त्यांनी ते सोडले होते. यात नवल नाही. दुधातली साखर (लॅक्टोज) फोडणारे लॅक्टेज रसांकुरांच्या टोकाशी तयार होते, आणि सीलिएकमध्ये आधी झिजते ते टोकच. दूध गेले, मांस नव्हतेच, गव्हातून मिळणारी प्रथिनेही बंद झाली. उरलेली जागा त्यांनी सुक्या मेव्याने भरून काढली: रोज ६० ग्रॅम बदाम, सकाळच्या धिरड्यांत ५० ग्रॅम बदामाचे पीठ, दोन चमचे घरी वाटलेले शेंगदाण्याचे बटर, व्यायामानंतर ३० ग्रॅम प्रोटीन पावडर, जेवणात ५० ग्रॅम कोरड्या मसुरीची आमटी. आठवड्यातून चारेकदा संध्याकाळी मूठभर मसालेदार भाजलेले शेंगदाणे. अंडी आठवड्याला दोन किंवा तीन.

प्रथिने बेरजेला साठ ग्रॅमच्या पुढे जात होती. या वजनाला किलोमागे ०.८ ग्रॅम म्हणजे ४३ ग्रॅम पुरतात. आतडे भरून येईपर्यंत किलोमागे एक ग्रॅम धरले तरी ५४ झाले. कमतरता नव्हती. यादीतला प्रत्येक पदार्थ मुळात ग्लुटेनमुक्त होता. बदाम, काजू, अक्रोड, पिस्ता, शेंगदाणे, मसूर यांपैकी कशातच ग्लुटेन नसते. म्हणूनच या यादीकडे वर्षभर कुणी वाकड्या नजरेने पाहिले नव्हते. बदाम झाडावरून निघाल्यापासून तोंडात पडेपर्यंत कुणाकुणाच्या शेजारी बसून येतो, हे विचारायचे राहून गेले होते.

आधी मापे

ग्लुटेनमुक्त म्हणवण्याची कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे २० पीपीएम. युरोपीय संघाचा ८२८/२०१४ हा नियम आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा २०१३ चा नियम यांतही हाच आकडा आहे. पण पीपीएम हे प्रमाण झाले, मात्रा नव्हे. आतड्याला कळते ती दिवसाची मात्रा. कॅटासी आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन ९० दिवस दिल्यावर आतड्याच्या अस्तराला इजा दिसली. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिले तर बहुतेकांना चालते, असे आज सर्वसाधारणपणे धरले जाते.

पावाच्या एका कापात साधारण २ ग्रॅम ग्लुटेन असते. १० मिलिग्रॅम म्हणजे त्या कापाचा दोनशेवा भाग. गव्हाच्या पिठाचा साधारण आठ टक्के भाग ग्लुटेन धरला, तर आठवा भाग ग्रॅम पिठात दिवसाचा कोटा संपतो. चिमटीत मावेल इतकेच ते.

उलट बाजूही लक्षात घ्यावी. अगदी मर्यादेवर असलेले, २० पीपीएमचे ६० ग्रॅम बदाम खाल्ले तर पोटात १.२ मिलिग्रॅम जाते. प्रमाणित पाकीट घेणाऱ्याने रोजच्या मुठीला घाबरायचे कारण नाही. भीती सुट्या आणि अज्ञात मालाची.

एकेक वाट

बदाम सुट्या मालाच्या दुकानातून यायचे, दर खेपेला अर्धा किलो. तिथे उघडे कप्पे असतात आणि डाव एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरतो. शेजारी ओट्स असतात, गव्हाचे पोहे असतात. घरात काचेची बरणी. तपासासाठी बरणी जवळजवळ संपल्यावर तळाचा माल काळ्या ताटात ओतला आणि बदाम उचलून बाजूला केले. खाली दोनेक ग्रॅम चुरा उरला: बदामाची तपकिरी साल, मिठासारखे कण, ओट्सचे तीन तुकडे, आणि बोटाला चिकटणारी पांढरट भुकटी. त्या चुऱ्याचा दहावा भाग जरी गव्हाचे पीठ असला, तरी २०० मिलिग्रॅम पिठात १६ मिलिग्रॅम ग्लुटेन झाले.

आता त्रासाच्या वेळापत्रकाकडे पाहू. ५०० ग्रॅम बरणी, रोज ६० ग्रॅम, म्हणजे आठ दिवस. भुकटी जड नसली तरी बारीक असते. बरणी रोज हलते, भुकटी फटींतून खाली झिरपते. पहिल्या सात दिवसांची मूठ जवळजवळ स्वच्छ, शेवटच्या दिवशी बरणी हातावर उपडी करून खाल्लेली मूठ सगळ्यात घाण. त्यांनी सहा आठवड्यांची नोंद ठेवली होती. सहापैकी चार वेळा त्रास बरणी संपल्याच्या आदल्या-पुढच्या दिवशीचा निघाला. पुरावा म्हणून एवढे पुरत नाही, पण बरणी बंद करायला पुरेसे आहे.

बदाम धुऊन वाळवले तर चालतील का, असे हटकून विचारले जाते. धुतल्याने वरची धूळ बरीच जाते, सालीच्या सुरकुत्यांतली राहते, आणि किती राहिली ते कळायला मार्ग नाही. सुट्या मालावर हा उपाय धरून चालू नये. कवचासकट अक्रोड किंवा बदाम घेऊन घरी फोडणे केव्हाही बरे, कारण गर कुणाच्या डावाला लागलेलाच नसतो.

मसालेदार शेंगदाण्यांचे पाकीट बाईंनी कधी वाचलेच नव्हते. शेंगदाणे आहेत, काय वाचायचे! तेलात तळलेल्या दाण्याला मीठ-तिखट तेलामुळे धरते. कोरड्या भाजलेल्या दाण्याला ते धरत नाही, म्हणून मसाल्यात चिकटवणारे काही तरी घालतात: डिंक, मक्याचा किंवा बटाट्याचा स्टार्च, आणि काही उत्पादनांत गव्हाचे पीठ. या पाकिटात घटकांच्या यादीत सहाव्या नंबरावर गव्हाचे पीठ छापलेले होते. वजनाच्या दोन टक्के धरले तर ३० ग्रॅम दाण्यांत ०.६ ग्रॅम पीठ, म्हणजे ४८ मिलिग्रॅम ग्लुटेन. एका मुठीत, आठवड्यातून चारदा. संपूर्ण यादीत मोजता आलेली एवढी मोठी मात्रा दुसऱ्या कशातून येत नव्हती, आणि ती अगदी उघड्यावर लिहिलेली होती.

प्रोटीन पावडरच्या डब्यावर पुढे ठळक अक्षरात ‘गहूमुक्त’ आणि मागे बारीक अक्षरात ‘माल्ट अर्क’. गहूमुक्त म्हणजे ग्लुटेनमुक्त नव्हे. माल्ट म्हणजे मोड आणलेले धान्य, आणि ते बहुतेक वेळा बार्लीचे असते. अमेरिकेच्या ॲलर्जी-सूचनेच्या सक्तीच्या यादीत गहू आहे, बार्ली आणि राय नाहीत. युरोपात ग्लुटेन असलेली सगळी तृणधान्ये ठळक दाखवावी लागतात. डबा कुठल्या नियमाखाली छापला गेला आहे हे न पाहता ‘खाली गहू लिहिलेला नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहणे इथेच अंगाशी येते. माल्टमध्ये किती ग्लुटेन होते ते सांगता येत नाही, कारण मोड आणताना प्रथिनाचे तुकडे होतात आणि एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या नेहमीच्या सँडविच पद्धतीला ते नीट सापडत नाहीत; त्यासाठी स्पर्धात्मक पद्धतीची चाचणी लागते. म्हणून माल्ट दिसला की मोजत बसायचे नाही, डबा खाली ठेवायचा. गंमत अशी की याच बाईंनी वर्षभरापूर्वी एक चांगले पाकीट ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ वाचून टाकून दिले होते. नावात माल्ट असला तरी माल्टोडेक्स्ट्रिन हा शुद्ध केलेला स्टार्चचा पदार्थ आहे; गव्हापासून केलेला असला तरी युरोपात त्याला ॲलर्जी-सूचनेतून सूट आहे.

बदामाचे पीठ ही वेगळी भानगड. अख्ख्या बदामावर धूळ बसते, पण पिठाच्या गिरणीत तीच धूळ सगळ्या मालात एकजीव होते. आधी त्याच जात्यावर गहू दळला असेल तर निवडायला काही उरत नाही. १०० पीपीएम असलेल्या पिठाचे ५० ग्रॅम म्हणजे ५ मिलिग्रॅम, आणि तेही रोज, न चुकता. कुठल्याही दळलेल्या पदार्थाला, मग ते बदामाचे पीठ असो की राजगिऱ्याचे की बकव्हीटचे (कुट्टूचे), ग्लुटेनमुक्त असा स्पष्ट दावा असल्याशिवाय हात लावू नये. अख्ख्या साध्या मेव्याला तेवढी सक्ती नाही: एकच घटक, कारखान्यात बंद केलेले पाकीट, गहू असण्याच्या शक्यतेची सूचना नाही आणि कंपनीचे उत्तर समाधानकारक, इतके पुरते.

कंपनीला काय विचारायचे यावर बरेच अवलंबून असते. ‘आमच्या उत्पादनात ग्लुटेन हा घटक नाही’ हे उत्तर कुणीही देईल. विचारायचे ते असे: याच लाइनवर आधी काय भरले जाते? मध्ये पाण्याने धुता की नुसती हवा मारता? माल चिकटू नये म्हणून कुठले पीठ भुरभुरता का? दर लॉटची चाचणी होते का, कोणत्या पद्धतीने, आणि सर्वात कमी किती पीपीएम मोजता येते? आर-५ एलायझाने पाच पीपीएमपर्यंत मोजता येते. या प्रश्नांना सरळ उत्तर देणारी कंपनी बहुधा काळजी घेणारीही असते. ‘अंश असू शकतात’ ही सूचना बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आहे, म्हणून ती नसल्याने काही सिद्ध होत नाही. ती असेल तर मात्र पाकीट सोडावे.

शेवटची वाट घरातली होती. शेंगदाण्याचे बटर ज्या मिक्सरच्या भांड्यात व्हायचे, त्यातच बाकीच्यांसाठी पावाचा चुरा वाटला जायचा. भांडे नीट घासलेले होते. पात्याखालचा कडा फिरवून काढल्यावर रबरी रिंगच्या खोबणीत करड्या लुकणासारखी रेघ सापडली. टूथपिकने खरवडली तर चांगली बोटभर निघाली. तेलकट बटर फिरताना नेमके तिथूनच जाते. रिंग बदलून भागत नाही, वेगळे भांडे लागते. लाकडी पाट, चाळणी आणि टोस्टर यांचे तसेच. काच आणि स्टील मात्र साबणाने घासले की पुरते.

मसुरीचा हिशेब

कडधान्यांत गहू-बार्लीचे दाणे सापडतात, कारण शेतात पिके आलटून-पालटून घेतली जातात, कापणीयंत्र तेच, वाहतूक तीच. गव्हाचा दाणा साधारण ३५ मिलिग्रॅमचा असतो. त्यात बारा टक्के प्रथिने, त्यातले ऐंशी टक्के ग्लुटेन, म्हणजे दाण्यामागे सुमारे ३.४ मिलिग्रॅम. किलोभर मसुरीत असा एक दाणा असला तर सरासरी ३.४ पीपीएम, मालाला ग्लुटेनमुक्त म्हणायला हरकत नाही. पण तो दाणा ज्याच्या ५० ग्रॅमच्या वाट्याला आला, त्याच्या ताटात ६८ पीपीएम. प्रयोगशाळेने दुसरीकडून चिमूट घेतली तर शून्य दाखवेल. कडधान्याच्या चाचणीचा अहवाल म्हणूनच फार मनावर घेऊ नये. इथे डोळे जास्त कामाचे. पांढऱ्या ताटात एकेरी थर, चांगला उजेड, एकदा निवडून ताट हलवायचे आणि पुन्हा निवडायचे, मग दोनदा धुवायचे. ५० ग्रॅमला तीन-चार मिनिटे लागतात. अख्खी मसूर किंवा हरभरा घ्यावा. डाळीत तुटलेला गहू ओळखू येत नाही, आणि डाळीच्या पिठात तर काहीच कळत नाही.

सगळे एकदम बंद का केले

बाईंचा आग्रह होता की एकेक पदार्थ सोडून बघू, म्हणजे चोर सापडेल. ॲलर्जीत हे चालते. सीलिएकमध्ये टीटीजी हलायला महिने लागतात. पाच संशयितांना तीन-तीन महिने दिले तर सव्वा वर्ष गेले, आणि तोवर उरलेले चार आतड्याला खातच राहणार. त्यात लक्षणांवर विसंबता येत नाही, कारण कित्येकांना इजा होत असताना काहीच जाणवत नाही. म्हणून उलट केले: सगळे संशयित एकाच दिवशी बंद, आकडा मर्यादेत आल्यावर एकेक परत. चोर नेमका कोण हे यात कायमचे अनुत्तरित राहू शकते, आणि तेवढी किंमत मोजायला हरकत नाही.

ओट्सही तेवढ्या काळासाठी थांबवले, शुद्ध असलेले सुद्धा. बहुतेक रुग्णांना शुद्ध ओट्स चालतात, काहींना त्यातले प्रथिन अ‍ॅव्हेनिन सोसत नाही. तपास चालू असताना हा घोळ नको होता.

प्रथिनांची नवी बांधणी

दिवसाला दोन अंडी, साडेबारा ग्रॅम. निवडलेली ५० ग्रॅम मसूर, बारा. साधा घट्ट टोफू १०० ग्रॅम, चौदाच्या आसपास. बंद पाकिटातले साधे बदाम ३० ग्रॅम, सहा. भोपळ्याच्या सोललेल्या बिया १५ ग्रॅम, साडेचार. सहाव्या आठवड्यापासून २०० ग्रॅम दही, सात. बेरीज ५६. दही दुधाआधी आणले, कारण विरजणात लॅक्टोज थोडे कमी होते. मुरवलेल्या कडक चीजमध्ये तर नावालाच असते. पावडर परत आणायची गरजच पडली नाही.

टोफू साधाच हवा. मुरवलेल्या टोफूत सोया सॉस असतो, आणि नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू. टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) काही वेळा बार्ली घालून करतात. मांसासारखे दिसणारे शाकाहारी पदार्थ तर मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊच नयेत. सेतान म्हणजे निव्वळ गव्हाचे ग्लुटेन. मांस-मासे खाणाऱ्यांना साधे ताजे मांस आणि मासा निर्धोक आहे, पण सॉसेज, कबाब, खेकड्याच्या चवीच्या कांड्या यांत पावाचा चुरा किंवा गव्हाचा स्टार्च घालतात.

बदाम निम्म्यावर आणण्यामागे ग्लुटेनव्यतिरिक्तही एक कारण होते. बदामात ऑक्झलेट भरपूर असते. एरवी आतड्यातले कॅल्शियम त्याला बांधून बाहेर नेते. पण सीलिएकमध्ये न पचलेली चरबी ते कॅल्शियम अडकवून ठेवते, ऑक्झलेट मोकळे शोषले जाते आणि मूतखड्याचा धोका वाढतो. पीठ आणि मूठ मिळून रोज ११० ग्रॅम बदाम या अवस्थेत जास्तच होते. भोपळ्याच्या बियांत बदामाच्या दुपटीहून जास्त लोह असते, म्हणून त्या आल्या. बियांतली फायटेट ही द्रव्ये लोह अडवतात, तेव्हा जोडीला लिंबू. ब्राझील नट कुणी सुचवले तर दिवसाला एक, फार तर दोन, कारण त्यात सेलेनियम फार असते.

पुढे काय झाले

आठ दिवसांचे चक्र पहिल्याच महिन्यात मोडले. चौथ्या महिन्यात टीटीजी २१, नवव्या महिन्यात ८. फेरिटिन ३१. मग ग्लुटेनमुक्त दाव्याचे बदामाचे पीठ आठवड्यातून दोनदा सुरू झाले, तीन महिन्यांनी आकडा जागचा हलला नाही. त्यानंतर शुद्ध ओट्स. सुट्या कप्प्यातला मेवा परत आणायचाच नाही असे ठरले. टीटीजी मर्यादेत आले म्हणजे रसांकुर पूर्ण भरले असे नसते, मोठ्या माणसांत त्याला वर्षे लागू शकतात. बायोप्सी पुन्हा करायची का, हे डॉक्टरांनी पुढे बघू म्हटले आहे.

मसुरीत सापडलेले परके दाणे त्यांनी एका छोट्या बाटलीत जमवले, पाकिटाचे नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहून. नऊ महिन्यांत साडेतेरा किलो मसूर निवडली, बाटलीत २३ दाणे. सगळे पोटात गेले असते तरी ७८ मिलिग्रॅम, तेही नऊ महिन्यांत मिळून. टीटीजी ४६ वर धरून ठेवणारी मसूर नव्हती, हे या बाटलीने सांगितले. पण २३ पैकी १९ दाणे एकाच पुरवठादाराच्या पाकिटांतले होते. ते पाकीट आता घरात येत नाही.